वजनकाटा कोणाच्या हातात?

औषधांना न जुमानणारी आकडी घेऊन मुलं माझ्याकडे येतात, तोवर त्यांची फाईल जाडजूड झालेली असते. व्हाल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, क्लोबाझाम, टोपिरामेट अशी नावांची रांग, प्रत्येकापुढे डोस, मग वाढवलेला डोस आणि शेवटी ‘फरक नाही’ एवढाच शेरा. ईईजीचे कागद, एमआरआयची मोठी पिशवी आणि बऱ्याचदा मुलाच्या दंडाला बांधलेला ताईत. मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांच्या जोडीने अनेक वर्षं कीटोजेनिक आहाराचं काम करते आहे. डॉक्टरांनी ‘आता आहाराचा विचार करू’ असं सांगून पाठवलेले आईवडील समोर बसले, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, खाण्यानं फिट थांबते?’

काही मुलांची थांबते, काहींची कमी होते, काहींना काहीच फरक पडत नाही. हे उत्तर मी पहिल्याच भेटीत देते. समोरची माणसं आधीच इतक्या आश्वासनांतून गेलेली असतात, की आणखी एक खोटी आशा त्यांच्या पदरात टाकणं अन्याय आहे.

योग्य निवडलेली दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील, तर त्या आकडीला औषधांना दाद न देणारी म्हणायचं, अशी व्याख्या ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ या संघटनेने २०१० साली केली. आकडीच्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश या गटात मोडतात. दोन औषधं हरली की तिसऱ्या-चौथ्याने झटके पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी उरते. अशा वेळी शस्त्रक्रिया होण्याजोगी असेल तर ती आधी तपासायची आणि नसेल तर कीटोजेनिक आहाराकडे वळायचं. वेस्ट सिंड्रोम, ड्रावे सिंड्रोम, अचानक मान किंवा अंग टाकणाऱ्या झटक्यांचा डूज सिंड्रोम अशा काही प्रकारांत तर या आहाराचा विचार लवकर करायला हवा. ग्लूट-१ नावाच्या वाहक प्रथिनाची कमतरता असलेल्या मुलांत रक्तातली साखर मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. त्यांच्यासाठी हा आहार म्हणजे पहिला आणि मुख्य उपचार.

यामागचा विचार जुना आहे. उपाशी राहिल्यावर आकडी कमी होते, हे माणसाने फार पूर्वी पाहिलं होतं. १९११ साली फ्रान्समधल्या गेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी उपवासाचा उपचार नोंदवला. पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी त्यावर तोड सुचवली. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करायचे आणि स्निग्ध पदार्थ भरपूर द्यायचे, म्हणजे शरीर उपाशी असल्यासारखं चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि मेंदू साखरेऐवजी त्यांच्यावर चालू लागतो. मूल उपाशी राहत नाही, पण उपवासाचा फायदा मिळतो. त्या कीटोनमुळे मेंदूतल्या पेशींची अतिउत्तेजना नेमकी कशी शमते, याची अनेक कारणं सांगितली जातात. सगळा परिणाम उलगडून सांगेल असं एकच एक कारण मात्र हाती आलेलं नाही.

१९३८ मध्ये फेनिटोइन आलं. गोळी देणं आहारापेक्षा कितीतरी सोपं होतं, त्यामुळे हा उपचार मागे पडत गेला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मिलिसेंट केली नावाच्या आहारतज्ज्ञ मात्र डॉ. जॉन फ्रीमन यांच्या बरोबर तो चालवत राहिल्या. १९९३ साली हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स आपल्या लहानग्या चार्लीला तिथे घेऊन गेले आणि आहारावर त्याचे झटके थांबले. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेमुळे आणि पुढे काढलेल्या चित्रपटामुळे जगाला या उपचाराची पुन्हा आठवण झाली. त्या सगळ्या इतिहासात मला मिलिसेंट केली यांचं फार अप्रूप वाटतं. कोणी विचारत नसताना एका बाईने हे ज्ञान वर्षानुवर्षं वापरात ठेवलं, म्हणून ते आज माझ्या हाती आहे.

उपकार आपल्याकडच्या माणसांचेही आहेत. वरण-भात, पोळी-भाजी खाणाऱ्या मुलाला हा आहार जमवता येतो का, ही शंका मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी प्रत्यक्ष करून दूर केली. भारतीय मुलांचा त्यांचा अनुभव २००९ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापून आला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुवासिनी शर्मा, डॉ. शेफाली गुलाटी आणि सहकाऱ्यांनी थोडा सैल असा सुधारित ॲटकिन्स आहार १०२ मुलांच्या चाचणीत तपासला. २०१३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत, तीन महिन्यांनी आहारावरच्या ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त कमी झाले होते. आहार न दिलेल्या मुलांत हे प्रमाण ११.५ टक्के होतं. त्याआधी २००८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या १४५ मुलांच्या चाचणीत हेच आकडे ३८ आणि ६ टक्के असे आले होते. हे आकडे मी आईवडिलांना कागदावर लिहून देते आणि ते दोन्ही बाजूंनी वाचायला सांगते. सगळी औषधं हरलेल्या दहा मुलांपैकी चार-पाच मुलांना मोठा फायदा होणं ही लहान गोष्ट नाही. पण उरलेल्या पाच-सहांमध्ये आपलं मूल असू शकतं, हेही मनात धरूनच सुरुवात करायची.

आहार म्हटलं की लोकांना वाटतं, पथ्य असेल काहीतरी. तळलेलं बंद, बाहेरचं बंद. हे त्यातलं नव्हे. एक जेवण इथे मांडूनच दाखवते. चार वर्षांचं, १४ किलोचं एक मूल धरा. दिवसाला १००० कॅलरी, चार वेळा खाणं, म्हणजे प्रत्येक खेपेला २५०. प्रमाण तीनास एक ठरलं, म्हणजे प्रथिनं आणि पिष्ट मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध ३ ग्रॅम. हिशेब करता या एका जेवणात २४ ग्रॅम स्निग्ध आणि प्रथिनं-पिष्ट मिळून फक्त ८ ग्रॅम बसतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं आणि ५ ग्रॅम स्निग्ध असतं. त्याच्या जोडीला ३० ग्रॅम पालक घेतला की ८ ग्रॅमचा कोटा जवळपास संपला. उरलेलं १९ ग्रॅम स्निग्ध तूप किंवा तेल घालून भरून काढायचं. हे जवळजवळ चार चहाचे चमचे होतात. झालं जेवण. उलट एका मध्यम पोळीत १८ ते २० ग्रॅम पिष्ट असतं. सुधारित ॲटकिन्स आहारात अख्ख्या दिवसाला १० ते २० ग्रॅम पिष्टाचीच मुभा असते. म्हणजे एक पोळी खाल्ली की दिवस संपला.

म्हणून वाटीला चिकटलेलं तूपही उपचाराचाच भाग असतं. ते रबरी उलथन्याने निपटून मुलाच्या पोटात गेलं पाहिजे. पालकाची दोन पानं जास्त झाली तर काढून ठेवायची. मूल अर्धं खाऊन उठलं, तर काय उरलं ते पाहून गणित पुन्हा मांडायचं. खोकल्याच्या औषधात साखर असते, तापाच्या सिरपमध्ये असते, आकडीच्या काही पातळ औषधांतही असते. ती सगळी बदलून शक्य तिथे गोळ्या घ्यायच्या. मुलाच्या लघवीत कीटोन तपासायची पट्टी बुडवली, की बदामी रंग बदलून गडद जांभळा व्हायला हवा. तो फिका पडला, की कुठेतरी पिष्ट शिरलं आहे असं समजून शोध सुरू करायचा.

आणि हा उपचार प्रत्येकाला चालत नाही. शरीराला चरबी जाळताच येत नाही असे काही जन्मजात विकार असतात. अशा मुलाला हा आहार दिला तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आधी रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, मगच सुरुवात, तीही बहुधा रुग्णालयात ठेवून. पहिल्या दिवसांत साखर फार उतरू शकते, उलट्या होतात, मूल मलूल पडतं. पुढे बद्धकोष्ठ तर पाचवीला पुजलेलं. काही मुलांना मूतखडे होतात, काहींचं कोलेस्टेरॉल वाढतं, उंची-वजन मागे राहू शकतं. जीवनसत्त्वं, कॅल्शियम वरून द्यावंच लागतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरच्या घरी ‘कीटो’ सुरू केलेली मुलं अधूनमधून माझ्यापुढे येतात, तेव्हा मला खरोखर भीती वाटते. मोठ्या माणसाने वजन उतरवण्यासाठी केलेला प्रकार आणि आकडीच्या मुलाचा हा उपचार यांचं फक्त नाव सारखं आहे.

प्रत्येक कुटुंबाला मी एक पत्र देते, ते कायम जवळ ठेवायचं. मूल आजारी पडून गावच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना कळावं की या मुलाला नेहमीचं ग्लुकोजचं सलाईन सरसकट लावू नका, आधी रक्तातली साखर तपासा. साखर धोक्याइतकी उतरली असेल तर मात्र ग्लुकोज द्यायलाच हवं. आहार मोडेल म्हणून थांबायचं नाही. हे वाक्य मी पत्रात ठळक लिहिते आणि तोंडानेही पुन्हा सांगते.

इतकं सगळं शिकवून झालं, की माझ्या खोलीतलं काम संपतं. खरा उपचार सुरू होतो तो घरी, ओट्यापाशी. बार्शीकडच्या एका आजींनी मला विचारलं होतं, ‘बाई, येवढं तूप लेकराला पचायचं कसं? कफ होईल की.’ त्यांच्या प्रश्नाला मी हसले नाही. आयुष्यभर त्यांनी लेकरांना तूप बेतानं आणि भाकरी पोटभर दिली होती. मी त्याच्या नेमकं उलटं करायला सांगत होते. श्रावणात साबुदाणा चालेल ना, रताळं तर उपासाचं, असंही त्या विचारत होत्या. दोन्हींत पिष्टच पिष्ट. मी त्यांच्यापुढे वजनकाट्यावर साबुदाणा ठेवला, शेजारी शेंगदाणे आणि सुकं खोबरं ठेवलं आणि कशात काय आहे ते सांगितलं. संक्रांतीला त्याच आजींनी तीळ, खोबरं आणि लोण्याची वडी केली. गुळाऐवजी मी सांगितलेलं बिनसाखरेचं गोड थेंबभर घातलं आणि प्रत्येक वडी मोजून नातवाच्या रोजच्या हिशेबात बसवली. मोजमाप माझं होतं, पण ती वडी मला सुचली नसती. सिंधुदुर्गातल्या एका घरात खोबरेल तेल स्वयंपाकात रुळलेलंच होतं. खोबरेलातल्या काही स्निग्धांचे कीटोन लवकर होतात, त्यामुळे त्या घराचा तक्ता आम्ही तिथल्या चवीभोवतीच बांधला. छापील तक्ता सगळ्या घरांना सारखा वाटून हा आहार टिकत नाही. ज्या घरात रोज जे शिजतं, त्यातूनच तो उभा करावा लागतो.

मुलाबरोबर सगळं घर बदलतं. एका मुलाची आई तपासणीला आली असताना बोलता बोलता म्हणाली, ‘मोठा आता जिन्यात उभा राहून पोळी खातो, मॅडम. धाकट्याला दिसायला नको ना.’ तो मोठा नऊ वर्षांचा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून ठरवलं होतं. मला ते ऐकवेना. पुढच्या खेपेला दोघांनाही बोलावलं. धाकट्याला समजेल अशा भाषेत सांगितलं, की तुझं जेवण तुझं औषध आहे आणि दादाचं जेवण दादाचं आहे. मोठ्याला सांगितलं की त्याने घरात, ताटावर बसून जेवायचं. एका भावाचा उपचार ही दुसऱ्याची शिक्षा होता कामा नये. धाकट्याने सुरुवातीला हात पुढे केला, रडला. मग त्याला त्याच रंगाची छोटी ताटली आणली आणि दोघं एकाच वेळी जेवायला बसू लागले. भावंडांकडे बघायचं ही गोष्ट तेव्हापासून माझ्या कामात कायमची आली.

पण या सगळ्यात भार कोणावर पडतो, हे मला रोज दिसतं. पहाटे उठून चार जेवणं मोजणारी आई. पट्टी तपासणारी आई. वहीत झटके लिहिणारी आई. नातेवाइकांच्या ‘एवढंसं दिल्यानं काय होतंय’ला तोंड देणारीही तीच. लग्नकार्याला जायचं तर डबा तिने करायचा, आणि जायचं नाही तर त्याचं कारणही तिनेच सांगायचं. झटके कमी झाले तर औषधाचा गुण आणि वाढले तर ‘तू नीट मोजलं नाहीस’. हे वाक्य मी माझ्यासमोर उच्चारलेलं ऐकलं आहे.

एका मुलीच्या बाबतीत तीन महिने सगळं तंतोतंत झालं. वही स्वच्छ, पट्टी रोज गडद, रक्तातले कीटोनही हवे तेवढे. झटके मात्र तेवढेच. आहाराला किमान तीन महिने संधी द्यायची आणि फरक नसेल तर थांबवायचं, हे आधीच ठरलेलं होतं. त्याप्रमाणे आम्ही थांबवलं. तिची आई मान खाली घालून म्हणाली, ‘माझ्याच हातून काही राहिलं का, ताई?’ तिची वही उघडून मी तिला पानापानावरचे आकडे दाखवले. तिच्याकडून काही राहिलं नव्हतं. त्या मुलीच्या मेंदूला या उपचाराचा उपयोग झाला नाही, जसा आधीच्या औषधांचा झाला नव्हता. औषध लागू पडलं नाही तर आपण गोळी देणाऱ्या आईला दोष देत नाही. मग आहार लागू पडला नाही तर आईकडे बोट का जातं? कारण स्वयंपाक बाईचा आणि तो बिघडला तर चूकही तिचीच, ही समजूत आपल्या घरांमध्ये मुरलेली आहे. उपचार स्वयंपाकघरात गेला की ती समजूतही त्याच्या मागे लागते.

जिथे आहार चांगला चालला, त्या घरांकडे मी म्हणूनच बारकाईने पाहत आले. एका मुलाचे वडील किराणा दुकानात कामाला. दिवसभर माल तोलायचा हाच धंदा. रुग्णालयातल्या शिकवणीच्या वेळी ते दाराशी उभे होते, मी त्यांना आत बोलावून काटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तूप तोललं ते सराईतपणे, वाटीचं वजन आधी वजा करून, काटा स्थिर होईपर्यंत थांबून. तेव्हापासून त्या घरात सकाळचं तोलणं त्यांचं झालं. दुकानात जाण्याआधी दिवसभराचे चार डबे तोलून, नावं घालून ठेवायचे. आईने शिजवायचं, भरवायचं, आजोबांनी वही लिहायची. त्या मुलाचे दिवसाला वीस-पंचवीस झटके होते. दोन महिन्यांत ते दोन-तीनवर आले. त्याची आई म्हणाली, ‘आता हाक मारली की बघतो.’ झटक्यांची मोजदाद वहीत येते, पण मुलाचं हे जागं होणं तिथे लिहायला रकाना नाही. मी तो रकाना आता वहीत घातला आहे.

चांगला गुण आला तर हा आहार साधारण दोन वर्षं चालतो. मग प्रमाण टप्प्याटप्प्याने, काही महिने घेऊन, खाली आणायचं. ज्यांचे झटके पूर्ण थांबले होते, अशा बहुतेक मुलांत आहार सुटल्यावरही ते परत येत नाहीत. म्हणजे हा जन्माचा वनवास नसतो, हे मी आईवडिलांना वारंवार सांगते. पण दोन वर्षं म्हणजे दोन गणपती, दोन दिवाळ्या, शाळेचे दोन उन्हाळे, आणि त्यातला प्रत्येक घास तोललेला. एवढं एकट्या माणसाकडून होत नाही, आणि होऊही नये.

एवढ्या वर्षांत माझी एकच गोष्ट पक्की झाली आहे. या उपचाराला महागडं यंत्र लागत नाही. लागतो एक वजनकाटा, मुलाला नियमित तपासणारे डॉक्टर, हिशेब शिकवणारी आहारतज्ज्ञ आणि तो हिशेब वाटून घेणारं घर. पहिल्या तीन गोष्टी आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत व्हाव्यात, मुलाला घेऊन पुण्या-मुंबईला खेपा घालाव्या लागू नयेत, ही माझी कळकळीची मागणी आहे. चौथी गोष्ट मात्र सरकारने द्यायची नाही, ती आपणच द्यायची. म्हणून आता एकट्या आईला मी हा आहार शिकवत नाही. शिकवणीच्या दिवशी घरातली निदान दोन माणसं मागते. वडील, आजी, काका, आत्या, कोणीही चालेल. आई एकटीच असेल, तर तिची बहीण किंवा शेजारीण चालेल. दोघांच्याही हातात काटा देते, दोघांकडूनही एक जेवण तोलून घेते, आणि ते दोघांना बरोबर जमल्यावरच मुलाच्या उपचाराची तारीख ठरवते.